गोधडीचा हंगाम आला, कात्री मात्र उचलवत नाही

सुईत_दोरा | २३ सप्टेंबर, रात्री ११:१०

घट बसले की मला गोधडीची उबळ येते. बहुतेक पेटी उघडते म्हणून. पावसाळाभर कपाटावर बसलेली लोखंडी पेटी नवरात्रात खाली येते, ओटीतले ब्लाउजपीस निघतात, डांबरगोळ्यांचा वास घरभर होतो आणि मी ठरवते की यंदा थंडी पडायच्या आत एक तरी पुरी करायची. मग दिवाळीची साफसफाई येते आणि सगळं पुन्हा पेटीत.

पेटीत काय काय अर्धवट आहे ते सांगते, हसू नका. लॉग केबिनची मोठी चादर आहे: मधला चौकोन लाल, भोवती एका बाजूला फिक्या, एका बाजूला गडद पट्ट्या. नऊ इंची ६३ चौकोन लागणार, सात आडवे नऊ उभे. झालेत २२. दोन वर्षं २२च आहेत. तेविसावा मशीनवर होता तेव्हा पाहुणे आले. पाहुणे गेले, मी काही परत बसले नाही. शिवाय नवरात्राच्या नऊ रंगांची एक गोधडी करायची म्हणून गेली सात-आठ वर्षं ब्लाउजपीस साठवतेय. त्याची फक्त साठवण झाली.

आणि आईचं लुगडं. नऊवारी, इरकली काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ पडलेलं. ‘माझ्यामागे याची गोधडी कर’ असं आईनेच सांगून ठेवलं होतं. सासूबाईंनी एकदा ते चुकून बोहारणीपुढे टाकलं होतं, मी स्टीलच्या पातेल्याचा ठरलेला सौदा मोडून परत आणलं. इतकं करून चार वर्षं ते घडी घातलेलंच आहे. कात्री हातात घेते, घडीवर ठेवते, बाजूला करते.

नमुने सुचवू नका, प्लीज. पिंटरेस्टवर चारशे साठवलेत. ते बघितले की शिवल्याचंच समाधान होतं आणि मी झोपायला जाते. तुमचा हुरूप कशाने टिकतो ते सांगा. आणि नाशिकमधले असाल तर जाड सुती दोरा कुठून घेता तेही. मी इंदिरानगरला.

आळशी_सुई | २३ सप्टेंबर, रात्री ११:३२

पहिला नंबर! धाग्यासाठी धागा काढलात हे उत्तम केलंत. माझ्याकडे २२ चौकोनही नाहीत, फक्त रोटरी कटर आणि हिरवी मॅट आहे. मॅटवर सध्या भाजी चिरत नाही एवढंच. इथे बसून वाचते आहे.

खर्चाचा_हिशोब | २४ सप्टेंबर, सकाळी ७:०५

प्रामाणिक प्रश्न. बाजारात हलकी, उबदार, मशीनमध्ये धुता येणारी ब्लँकेटं मिळतात. गोधडी ओली झाली की दोन माणसांनी पिळावी लागते. मग हा खटाटोप कशाला?

सुईत_दोरा | २४ सप्टेंबर, सकाळी ८:४०

@खर्चाचा_हिशोब, घरात चार ब्लँकेटं आहेत आणि मी रोज त्यातलंच एक पांघरते. गरज म्हणून कोण करतंय? तुम्ही दर रविवारी पहाटे ट्रेकला जाता असं तुमच्याच दुसऱ्या धाग्यावर वाचलं होतं. वरपर्यंत गाडीरस्ता असलेला गडही पायी चढता ना?

खर्चाचा_हिशोब | २४ सप्टेंबर, सकाळी ८:५१

हाहा. मुद्दा पोचला. वाचतोय.

निफाडकर | २४ सप्टेंबर, दुपारी २:१५

ताई, पारा पाचाखाली जाणं ही आमच्याकडं बातमी नाही, डिसेंबर-जानेवारीतली नेहमीची गोष्ट आहे. त्या थंडीत ब्लँकेट वरून गरम वाटतं पण खालून जमीन खाते. आई अजून दोन गोधड्या खाली, एक वर असंच झोपते. वजन पाहिजे म्हणते अंगावर.

हुरूप वगैरे तिला विचारला तर ती मलाच वेड्यात काढेल. आमच्याकडं गोधडी कधी होते सांगू? ऑक्टोबर छाटणीच्या आधी नाहीतर द्राक्षं निघाल्यावर. मधे बागेतून मान वर करायला मिळत नाही. आता या पावसानं छाटणीच्या तारखा पुढं ढकलल्यात, म्हणून बाया ओट्यावर बसून टाके घालतायत. तुम्हाला बहुतेक वेळ जास्त आहे, राग मानू नका.

सुईत_दोरा | २४ सप्टेंबर, दुपारी ३:०२

राग कसला. मुलगी पुण्याला गेल्यापासून वेळच वेळ आहे हे खरंच आहे. ती शाळेत असताना मी जास्त शिवत होते.

मेपलपान | २५ सप्टेंबर, सकाळी ६:२०

मिनेसोटाहून नमस्कार. माहेर नाशिकरोड. इथे पानं रंगायला लागली आणि आमच्या क्विल्टवाल्या मैत्रिणींची दर गुरुवारची बैठक सुरू झाली. अर्धवट राहिलेल्या कामाला या बायका यूएफओ म्हणतात, आणि प्रत्येकीकडे दहा-बारा तरी असतातच, तेव्हा तुमचे तीन म्हणजे काहीच नाही.

माझा अनुभव सांगते. मला नमुन्यांच्या पुस्तकांनी पार थिजवून टाकलं होतं. टोकाला टोक जुळलं नाही तर उसवायचं, परत शिवायचं. मग अलाबामातल्या गीज बेंडच्या क्विल्ट पाहिल्या. नदीच्या वळणात अडकलेली छोटी, गरीब, काळ्या लोकांची वस्ती. तिथल्या बायकांनी शेतावरच्या फाटक्या जीन्स, कामाचे शर्ट, पिठाच्या पिशव्या जोडून पिढ्यान्पिढ्या थंडीसाठी क्विल्ट केल्या. २००२मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. एक रेघ सरळ नाही. पँटच्या गुडघ्यावरचा विटलेला चौकोन तसाच दिसतो, खिसा काढलेल्या जागी गडद निळं राहिलंय तेही दिसतं. बघितल्यावर मला आठवली ती आजीची गोधडी, आणि मी दोन दिवस स्वतःवर चिडले होते की हे आपल्या घरात असताना आपण काय मोजपट्ट्या घेऊन बसलो.

एक व्यावहारिक सल्ला: थर नीट पसरून कच्चे टाके घाला आणि शिवायला मधून सुरुवात करा, कडेकडे जा. म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते.

जुना_काठ | २५ सप्टेंबर, सकाळी १०:४८

मेपलपान, गीज बेंडचं छान सांगितलंत. पण मधून सुरुवात? गोधडी कडेने आत जाते हो. क्विल्ट मधून बाहेर, गोधडी बाहेरून मध्ये. आपल्याकडे आधी चारी कडा आत दुमडून बंद करतात, मग काठाला समांतर धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्यावर येतात. शेवटचा टाका पोटात पडतो.

याला कारण आहे. क्विल्टमध्ये वेगळं भरण असतं आणि कडेची पट्टी सगळ्यात शेवटी लागते, त्यामुळे कड मोकळी असते, जास्तीचं कापड बाहेर काढून कापता येतं. गोधडीत भरण म्हणजे जुनी लुगडी, धोतरं, झिजलेल्या चादरी, जे असेल ते. कड आधी बंद केली की आतल्या चिंध्या निसटत नाहीत, आणि बाई ती मांडीवर घेऊन कुठेही बसू शकते. फ्रेम नको, टेबल नको. तोटा इतकाच की सगळी ढील मध्ये गोळा होते. तिथे फुगा आला की वरून ठिगळ लावायचं. गोधडीच्या मधोमध फूल किंवा चौकोन दिसतो ना, त्यातली निम्मी फुलं असल्या फुग्यावर उगवलेली असतात असा माझा संशय आहे.

कारवारचा_वारा | २५ सप्टेंबर, दुपारी १२:३०

जुना_काठ यांना अनुमोदन. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ बाजूच्या सिद्दी बायकाही असंच करतात, त्याला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून तुकडे लावत, शिवत, फिरत फिरत मध्यावर. आधी आराखडा वगैरे काही नाही, तुकडा हाताला लागेल तसा. आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण, त्याला फुला म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी-नागडी समजतात.

आळशी_सुई | २५ सप्टेंबर, दुपारी १:१५

म्हणजे नमुना आधी ठरवायचाच नाही? मला हे जमेल. माझं आयुष्य तसंच चाललंय.

पंचवटीचा_राम | २५ सप्टेंबर, रात्री ९:००

अवांतर: गाडगे महाराजांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळांपैकी एक आपल्या नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आहे. धर्मशाळा उभ्या केल्या पण स्वतः चिंध्यांतच राहिले. १९५६ साली गेले. धागा भरकटवल्याबद्दल क्षमस्व, गोधडी म्हटलं की मला पहिले तेच आठवतात.

सुईत_दोरा | २६ सप्टेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार, भरकटा हवे तेवढे. पण माझं घोडं अडलंय ते लुगड्यापाशी. ते कापलं नाही तर बाकीचं काही सुचतच नाही. लॉग केबिन उघडलं की वाटतं, आधी आईचं करायला हवं. आईचं उघडलं की वाटतं, एकदा कापलं की कापलं. हात खराब आला तर दुसरं लुगडं काही आई आणून देणार नाही.

कुणी घरातल्या गेलेल्या माणसाचं कापड कापलं आहे का? कसं केलंत?

परसबाग | २६ सप्टेंबर, रात्री १०:५५

मी वडिलांचे सात शर्ट कापले. पहिला कापताना रडले, तिसऱ्यापासून कॉलरच्या आतली मळकट रेघ कशी चुकवायची एवढाच विचार होता. पण तुम्हाला घाई नसेल तर थांबा की. कापड कुठे पळतंय?

घडीमोड | २६ सप्टेंबर, रात्री ११:२०

मी उलट सांगेन. कापड पळतं. जुनं सुती लुगडं घडीवर पडून राहिलं की घडीच्या रेघेवरच चिरत जातं. माझ्या आजीचं असं गेलं, उघडलं तर चार सरळ फाटे. निदान दरवर्षी उलटं करून वेगळ्या ठिकाणी घडी घाला, आणि या दमट हवेत डांबरगोळी थेट कापडावर ठेवू नका.

जुना_काठ | २७ सप्टेंबर, सकाळी ९:३५

सुईत_दोरा, मला एक कळत नाही. कापता कशाला?

नऊ वार म्हणजे ३२४ इंच. चार घड्या घाला, ८१ इंच. पन्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. म्हणजे एक माणूस झोपेल एवढं, चार पदरी, कात्री न लावता. याला चौघडी म्हणतात हो! आमच्या आजीच्या तोंडी हाच शब्द होता, मला तो लहानपणी देवळातल्या चौघड्याचा भाऊ वाटायचा. घरात भरायला दुसऱ्या चिंध्या नसल्या की एका लुगड्याची अशी चौघडी घालत आणि कडेने टाके मारत आत येत. पदर वरच्या बाजूला आला पाहिजे एवढंच बघायचं.

सुईत_दोरा | २७ सप्टेंबर, सकाळी ९:५०

मी आत्ता बँकेच्या रांगेत उभी आहे आणि मला घरी पळावंसं वाटतंय.

सुईत_दोरा | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

मोजलं. बाहेर हस्ताचा पाऊस लागलाय, धरणातून पाणी सोडलंय, सगळ्या ग्रुपवर गोदावरीतला दुतोंड्या मारुती किती बुडाला याचे फोटो. बाजारात जायचा प्रश्नच नव्हता. हॉलमधला सोफा भिंतीला लावला आणि लुगडं जमिनीवर उलगडलं.

पूर्ण उलगडलेलं लुगडं मी कधी पाहिलंच नव्हतं हे तेव्हा कळलं. आईच्या अंगावर नाहीतर दोरीवर चौपदरी, एवढंच. हॉलच्या दारापासून निघालं ते स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली गेलं. एका जागी, साधारण कमरेच्या डाव्या बाजूला येईल तिथे, बोटाएवढा पट्टा विटका आहे. किल्ल्यांचा जुडगा तिथे खोचायची ती.

तर माप: लांबी बरोबर ८१ भरली नाही, धुऊन आक्रसलंय, ७९ आली. पन्हा ४५. मला पन्हा कमी वाटतोय, कूस बदलली की पाठ उघडी पडेल. दोन्ही लांब बाजूंना सहा-सहा इंच ब्लाउजपीसची पट्टी लावली तर? नऊ रंग तिथे खपतील. कापायचेच तर ब्लाउजपीस कापू, त्यांच्यावर माझा काही जीव नाही.

आळशी_सुई | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४१

ओटीतले ब्लाउजपीस कापायला काहीच हरकत नाही. माझ्याकडे आलेला एक मोरपंखी पीस मी चार वर्षांपूर्वी स्वतःच एकीच्या ओटीत घातला होता. गावभर फिरून दमून परत आला.

मालेगावचा_माग | २९ सप्टेंबर, सकाळी ११:१०

ताई, ते ब्लाउजपीस आधी तपासून घ्या. निम्मे पॉलिस्टरचे निघतील. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून पेटवा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरली जाणारी राखाडी राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि काळा टणक मणी होतो. मण्याला लगेच हात लावू नका, भाजतं. दोन्ही मिसळलेलं असेल तर जळतंही आणि मणीही होतो.

गोधडीत हे दोन्ही शेजारी आले तर पहिल्या धुण्यात सुती आक्रसतं, पॉलिस्टर तसंच राहतं, शिवण चुणते. नवं सुती आधी धुऊन, खळ काढून घ्याच. खालच्या बाजूला अस्तर हवं असेल तर मांजरपाट घ्या, आमच्याकडच्या यंत्रमागांवर कोरं कापडच जास्त निघतं. पण चार पदरी लुगड्याला अस्तराची गरज नाही असं माझं मत.

सुईत_दोरा | ३० सप्टेंबर, रात्री ९:४५

एकतीस पीस, एकतीस धागे, एक मेणबत्ती. सासूबाईंनी ‘आता हे कोणतं व्रत’ विचारलं. निकाल: अकरा सुती, चौदा मण्याचे, सहा मिसळ. एका दुकानात ‘प्युअर कॉटन आहे मॅडम’ म्हणून मला दिलेले चारही मण्यांत निघाले. नऊ रंग काही झाले नाहीत. सुतीमध्ये जांभळा नाही, राखाडी नाही, आणि हिरवे मात्र चार. तर पाच रंग आणि चार हिरव्या. नवरात्राला वाईट वाटलं तर वाटो.

मेपलपान | १ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

लाल असेल तर तो आधी तपासा. ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून वरून इस्त्री फिरवा, रुमालाला रंग लागला तर तो पुढेही जाणार. मीठ-व्हिनेगरने नव्या रंगांचं काही होत नाही, माझी एक पांढरी क्विल्ट त्यात गुलाबी झाली आहे.

गणिती | २ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

दसऱ्याच्या शुभेच्छा. दोऱ्याचा हिशोब कुणी केला नाही म्हणून करतो. मला शिवता येत नाही, बायको शिवते.

माप ५७ बाय ७९. ओळीत एक इंच अंतर धरलं तर चौकोनात चौकोन कितीही घ्या, एकूण लांबी क्षेत्रफळाएवढीच येते: सुमारे ४५०० इंच, म्हणजे ११४ मीटर. दोरा वरखाली होतो, गाठी, सोडलेली टोकं धरून पाव पट वाढवा: १४५ मीटर. दुपदरी दोरा घेणार असाल तर २९०. ओळीतलं अंतर अर्धा इंच केलंत तर सगळं दुप्पट.

इंचाला तीन टाके धरले तर साडेतेरा हजार टाके. मिनिटाला दहा पडले तर साडेबावीस तास. रोज एक तास बसलात तर दिवाळी संपता संपता होईल. बायको म्हणते मिनिटाला दहा हे पुरुषाचं गणित आहे, सुई ओवायला लागणारा वेळ धरलेला नाही.

सुईत_दोरा | २ ऑक्टोबर, दुपारी ४:५५

साडेबावीस तास? मी चार वर्षं ज्याला घाबरतेय ते साडेबावीस तासांचं आहे? एवढ्या वेळात मी पिंटरेस्ट दोनदा संपवते.

आज मुहूर्त केला. सोनं वाटून झालं आणि पहिला टाका घातला.

रोज_थोडं | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

अभिनंदन! आता सवय लागण्यासाठी रोज ठरावीक वेळी १५ मिनिटं, भिंतीवर तक्ता आणि प्रत्येक दिवसाला टिकमार्क. मला याचा फार फायदा झाला.

सुईत_दोरा | ३ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

तुम्हाला झाला असेल, शंका नाही. मी तक्ता केला तर तक्त्याला काठ कोणता द्यावा यात आठवडा जाईल. मला स्वतःची ओळख आहे.

सुईत_दोरा | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

काल कोजागिरीला गच्चीवर दूध, आणि आज सकाळी अपघात. चार ओळी पुऱ्या झाल्या होत्या. उचलून बघितली तर एका कोपऱ्यात वरचा पदर सरकलाय आणि खालच्या तीन थरांवर आडव्या चुण्या. मी कच्चे टाके फक्त कडेने घातले होते, मधे नाहीत. उसवायला बसले.

तेवढ्यात पोळ्यांच्या मावशी आल्या. दिंडोरीकडच्या आहेत, घरोघरच्या गोधड्या शिवून देतात हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं! त्यांनी हात धुतले, पदर खोचला, गोधडी माझ्या हातून घेऊन जमिनीवर आपटलीच जवळजवळ. पाणी मारलेल्या फरशीवर नाही, कोरड्यावर, असं म्हणाल्या. चार कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, तांदळाचा डबा, इस्त्री. मग मधोमध बसून तळहाताने कडेकडे चोळत गेल्या, जशी पुरणपोळी थापावी तशी. हातभर अंतराने लांब लांब कच्चे टाके, आडवे आणि उभे. वीस मिनिटं. मोजपट्टी दिली तर तिच्याकडे बघितलंही नाही. ओळीतलं अंतर करंगळीच्या पहिल्या पेराएवढं, बस्स.

टाका घालताना सुई ओढत नाहीत त्या. कापड डाव्या हाताने सुईवर चढवतात, चार-पाच टाके सुईवर गोळा झाले की एकदम ओढ. दोरा मेणबत्तीवरून फिरवून घेतात म्हणजे गुंता होत नाही. बोटाला लोखंडी अंगुस्तान. आणि गाठ कधीच वर नाही, दोन पदरांच्या आत ढकलतात. मी विचारलं, मधे फुगा आला तर? तर म्हणाल्या, ‘येऊ द्या की. माणूस झोपलं की बसतो.’

उसवलेल्या दोन ओळी त्यांनीच परत घातल्या. माझे टाके कोणते आणि त्यांचे कोणते हे दहा फुटांवरूनही कळतंय. ठेवलेत तसेच.

निफाडकर | ७ ऑक्टोबर, दुपारी १:००

मावशींना मजुरी द्या बरं का. आमच्याकडं गोधडीवाल्या बाया आल्या की जेवण, चहा आणि वर पैसे असं असतं.

सुईत_दोरा | ७ ऑक्टोबर, दुपारी १:२०

दिली, निफाडकर. आधी घेत नव्हत्या, मग घेतली आणि वर दोन मण्यांचे ब्लाउजपीसही नेले. त्यांना पॉलिस्टरच हवा होता, लवकर वाळतो म्हणून.

नवी_आई | १२ ऑक्टोबर, रात्री १२:३०

मधेच विचारते. माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, सासूबाई अशीच चार पदरी छोटी गोधडी करतायत. थंडीत पाळण्यात पांघरायला चालेल ना?

मेपलपान | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

पहिलं वर्षभर झोपताना पाळण्यात सुटी पांघरुणं, उशा, जाड गोधडी ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तोंडावर आली तर श्वास अडकतो. जागं असताना जमिनीवर खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला उत्तम. झोपताना अंगभर गरम कपडे घाला. सासूबाईंना म्हणावं, करा, पहिल्या वाढदिवसापासून कामाला येईल. तुमच्या डॉक्टरांनाही विचाराच.

सुईत_दोरा | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

धागा वर काढतेय. दिवाळीत नऊ दिवस हात लागला नाही. चकल्या, पाहुणे, भाऊबीज. पण या वेळी पेटीत टाकली नाही, सोफ्याच्या पाठीवरच राहिली, सुई खोचलेली. भाऊ आला तेव्हा त्याने उचलून बघितली. विटका पट्टा त्याला बरोबर सापडला. ‘किल्ल्या’ एवढंच म्हणाला आणि चिवडा मागितला. पंधरा मिनिटांनी बघते तर वहिनी चौथ्या बाजूला टाके घालत बसलेली. तिचे टाके माझ्याहून मोठे आणि मावशींहून बारीक. म्हणजे आता तीन हात झाले.

गणिती | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

किती तास झाले?

सुईत_दोरा | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

एकवीस, आणि निम्मीच झाली आहे. तुमच्या सौंना सांगा, त्यांचं बरोबर होतं.

सुईत_दोरा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मधे वीतभर चौकोन उरलाय. फुगा आलाच आहे, वाटीएवढा. लाल खणाचा तुकडा आहे माझ्याकडे, रुमालावर तपासलाय, रंग जात नाही. लावू, की मावशी म्हणतात तसा झोपून बसवू?

जुना_काठ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

लावा. लॉग केबिनच्या मधला चौकोनही लालच होता ना तुमचा?

सुईत_दोरा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४३

अय्या, हो की. म्हणजे तेविसावा झाला म्हणायचा.

मेपलपान | १० नोव्हेंबर, सकाळी ७:००

फोटो!!

सुईत_दोरा | १० नोव्हेंबर, दुपारी २:२०

टाकते. आत्ता सासूबाई तिच्यावर आडव्या झाल्या आहेत आणि उठायचं नाव नाही. फुगा बरोबर पाठीखाली येतो म्हणतात, बरं वाटतं.

आळशी_सुई | १० नोव्हेंबर, दुपारी ३:०५

मी पण आईची एक सहावारी काढली आहे. लोखंडी अंगुस्तान कुठे मिळतं नाशकात? ऑनलाइन सगळी प्लास्टिकची दिसतायत.

सुईत_दोरा | १० नोव्हेंबर, दुपारी ३:१८

मेन रोडला शिवणसामानाच्या कुठल्याही जुन्या दुकानात विचारा, दोराही तिथेच मिळेल. बोटात घालून बघूनच घ्या, माझं पहिलं सैल निघालं. आणि सहावारीची चौघडी ५४ इंचांचीच होईल, लांबी पुरणार नाही. ती मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडावे लागतील. कात्री लागेल तुम्हाला.